फळ्यावर नाव नाही

२ सप्टेंबर, सोमवार

आज कुलगुरूंनी केबिनमध्ये बोलावून ‘पुढची पंचवीस वर्षे’ या आराखड्यातलं सातवं प्रकरण माझ्यावर सोपवलं. ‘नगर आणि विद्यापीठ’. बाकीची आठ प्रकरणं प्राध्यापकांच्या समित्या लिहिणार: नवं संकुल, संशोधन उद्यान, जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत जाणं वगैरे. सातव्याला समिती नाही. “मॅडम, तुम्ही एकतीस वर्षं इथे आहात. विद्यापीठाने शहराला काय दिलं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? फक्त भावना नकोत, आकडे हवेत.” प्रकाशन अकरा डिसेंबरला, पंचाहत्तराव्या वर्धापनदिनी.

उपकुलसचिव झाल्यापासून मी फाइलींवर ‘मान्यतेस्तव सादर’ एवढंच लिहीत आले आहे. आपण लिहिलेलं पुस्तकात छापून येणार याचा आनंद झाला, हे इथे तरी कबूल करायला हरकत नाही. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “म्हणजे आता घरातही आकडे मागशील. चहाचे कप किती, लाभार्थी किती.”

५ सप्टेंबर

यादी करायला घेतली आणि घाम फुटला. सायंवर्ग तीन वर्षांपूर्वी बंद झाले. कायदा मदत केंद्र महिन्यातून एकदा उघडतं, तेही किल्ली सापडली तर. सार्वजनिक वाचनालयात आता परीक्षा विभागाचे गठ्ठे ठेवलेत.

खरं म्हणावं असं एकच काम उरलं आहे, पाण्याचं. दर मंगळवारी शहरातले लोक आपल्या विहिरीचं, बोअरचं पाणी बाटलीत भरून, चिठ्ठी चिकटवून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणून देतात. तपासणी फुकट. पुढच्या सोमवारी निकाल मुख्य फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर. सुरुवातीला म्हणे सगळ्यांचे निकाल लिहायचे, पण फळा पुरेना. म्हणून गेली कित्येक वर्षं फक्त खराब पाण्याची ठिकाणं लिहितात. फळ्यावर नाव नाही म्हणजे पाणी ठीक. शहरात याची म्हणच झाली आहे. आमच्या सासूबाई सोयरीक जुळवताना विचारायच्या, “मुलाचं नाव फळ्यावर तर नाही ना?”

या एका कामावर प्रकरण उभं करता येईल.

१२ सप्टेंबर

चाळीस वर्षांच्या नोंदवह्या म्हणजे ढीग आहे. त्यातून गल्लीवार, वर्षवार आकडे काढायला माणूस हवा, आणि त्या वह्यांचं अक्षर लागणारा एकच माणूस आहे. नाना. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण सगळं विद्यापीठ त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणते. प्रकाशन होईपर्यंत त्यांची सेवा नियोजन कक्षाकडे वर्ग करावी, अशी टिपणी सादर केली. संध्याकाळच्या आत मंजूर होऊन आली. कुलगुरूंचा विषय असला की फाइलीला पाय फुटतात.

१६ सप्टेंबर, सोमवार

नाना हजर झाले. स्वतःची खुर्ची आणि उशी घेऊन आले. बसल्या बसल्या पहिलं वाक्य: “बाई, मंगळवारचं काय?”

मी म्हटलं, “विभागप्रमुखांनी दोन संशोधक विद्यार्थी देतो म्हणून सांगितलंय.”

“ते बाटल्या घेतील हो. घेणं सोपंय.”

“नाना, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुमच्याशिवाय पाणी वाहायचं थांबणार नाही.”

ते हसले नाहीत. काही माणसांना आपल्या टेबलाचा फार लळा असतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ताईकडे जाऊन आले. तिची सूनबाई बाळंत होऊन आठ दिवस झाले. मुलगी. तळहाताएवढी आहे, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. ताई तिला भोंगा म्हणते. सूनबाईला दूध येत नाही, त्यामुळे पावडरीचं पाजतात. त्यासाठी ताई चौकातल्या नळावरून रोज कळशी भरून आणते, या वयात. घरासमोर बोअर आहे, बाकी सगळ्याला तेच पाणी वापरतात.

“बाळाला नको बाई बोअरचं,” ताई म्हणाली. “उकळलं तरी मनात येतं. तू तपासून आण ना. तुझंच तर विद्यापीठ आहे.”

बाटली भरून घेतली. ‘चौथी गल्ली, घर क्रमांक सहा’ अशी चिठ्ठी लावली आणि प्रयोगशाळेबाहेरच्या टेबलावर ठेवली. दार लावलेलं होतं. टेबलावर अगोदरच्या वीस-पंचवीस बाटल्या होत्या. ओळखीचा फायदा घेऊन आपली पुढे सरकवावी असं मनात आलं होतं, पण नाही सरकवली. लोक रांगेत ठेवतात, आपणही ठेवावी.

३० सप्टेंबर

फळा कोरा. ताईला सांगितलं, अजून एक आठवडा थांब, गर्दी आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

आजही फळा कोरा. ताईला लगेच फोन केला. “फळ्यावर नाव नाही. पाणी निर्धोक आहे. उद्यापासून कळशी बंद कर, कंबर मोडून घेशील.”

“नक्की ना गं?”

“ताई, मी उपकुलसचिव आहे.”

“असशील. तू शेंबडी होतीस तेव्हा मी तुझी वेणी घातली आहे.”

दोघीही बऱ्याच दिवसांनी एवढ्या हसलो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पाहुण्यांना घेऊन विज्ञान इमारतीत गेले होते. प्रयोगशाळेबाहेर बाटल्यांची रांग पार जिन्यापर्यंत गेली आहे. टेबलावर, टेबलाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर. लोकांचा प्रतिसाद किती वाढला आहे! छायाचित्रकाराला बोलावून फोटो काढून घेतला, प्रकरणाच्या पहिल्या पानावर शोभेल.

नानांना सांगितलं तर ते वहीतून वर बघत म्हणाले, “सगळ्या तिथेच आहेत?”

“म्हणजे काय, लोक आणतायत.”

“बाई, मी मंगळवारी दुपारी दोन तास जाऊन येऊ का?”

मी नाही म्हटलं. १९९० च्या पुढच्या वह्या अजून हातही न लावलेल्या. त्यांनी काहीतरी अर्ज लिहून ठेवला आहे, ‘पाणी तपासणीबाबत’ असा विषय. फाइलीत लावून ठेवला, प्रकाशन झालं की बघेन. या वयात माणसं बदल्यांना घाबरतात.

४ नोव्हेंबर

ताईचा फोन. तिच्या शेजारच्या तिसऱ्या घरातल्या बाईचं बाळ गेलं. दोन महिन्यांचा मुलगा. डॉक्टर म्हणाले, हृदय जन्मापासूनच अशक्त असावं. ताईचा आवाज बसला होता. “पहिलंच गं तिचं. काल अंगणात ती आणि सूनबाई बाळं घेऊन उन्हात बसल्या होत्या.” ती बाई माहेरी गेली. फार वाईट वाटलं. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, तरी नव्वदच्या दशकाचा तक्ता पुरा केला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

प्रकरण संपलं. अठरा पानं. नानांनी काढलेले आकडे असे की कोणाचंही तोंड बंद व्हावं: चाळीस वर्षांत एकाहत्तर हजार नमुने. आणि शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं, “गेल्या दहा आठवड्यांत शहरातील एकाही ठिकाणचे पाणी दूषित आढळलेले नाही. विद्यापीठाने चार दशके केलेल्या लोकजागृतीचे हे फलित होय.”

यांना वाचायला दिलं. हे शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झाले तरी लाल पेन सुटलेलं नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “दहा आठवड्यांत एकही नाही? एरवी वर्षाला किती निघायची?”

“तीस-चाळीस.”

“मग शहर एकाएकी सुधारलं की काय? आपल्या शहराला एवढी घाई कधी नव्हती.”

यांना दुसऱ्याचं कौतुक करवत नाही. ‘फलित’च्या आधी ‘लक्षणीय’ घालून प्रत पाठवून दिली.

३ डिसेंबर

मुद्रितं तपासली. क्रमवारीची समिती येणार म्हणून विज्ञान इमारत झाडून घेतली, बाटल्या जिन्याखाली हलवल्या. ताई म्हणत होती, भोंगा दोन दिवस नीट पीत नाही, ओठ जरा काळसर वाटतात. मी म्हटलं, थंडी पडली आहे, कुंचीत ठेवा.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी सहाला भाच्याचा फोन. बाळाला रुग्णालयात नेलं. ओठ, नखं निळी. रडायची थांबली होती. ज्या मुलीला आम्ही भोंगा म्हणतो ती रडत नव्हती.

डॉक्टरीण तरुण होती. रक्त काढलं, ते चॉकलेटसारखं तपकिरी दिसत होतं. तिने पहिला प्रश्न विचारला, “दूध कुठल्या पाण्यात कालवता?”

ताई म्हणाली, “बोअरच्या. पण वीस मिनिटं उकळून, रोज.”

“पाण्यात नायट्रेट असेल तर उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. मोठ्यांना कळतही नाही, लहानग्यांच्या रक्ताला प्राणवायू धरता येत नाही. पाणी तपासलं होतं का?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. “हो,” मी म्हणाले. “विद्यापीठात.”

औषध शिरेतून दिलं. दुपारी ओठांना रंग आला. डॉक्टरीण म्हणाली, वेळेत आणलंत, पण दोन दिवस काही सांगत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

ताईच्या बोअरचं ताजं पाणी भरून सरळ नानांच्या टेबलावर ठेवलं. ते उठले. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याच खिशात होती. माझं लक्ष तिथेच गेलं.

“विद्यार्थ्यांकडे दुसरी किल्ली आहे ना?”

“नाही.”

“मग ते आत कसे जायचे?”

“जायचे नाहीत, बाई. पहिल्या मंगळवारीच त्यांना संशोधन उद्यानाच्या प्रदर्शनाला लावलं. मी लिहून दिलं होतं तुम्हाला.”

फाइल काढली. अर्ज तिथेच होता, मीच लावलेला, माझ्याच सहीने. ‘सोळा सप्टेंबरपासून एकही नमुना तपासला गेलेला नाही. फळा कोरा राहिल्यास लोकांचा गैरसमज होण्याचा संभव आहे.’ चार ओळी. या तीन महिन्यांत मी किती हजार ओळी वाचल्या.

“तोंडाने का नाही सांगितलंत?”

नाना नळी धुवत होते. “तीनदा काढला विषय. चौथ्यांदा काढला असता तर बरं झालं असतं. मलाही खुर्ची सांभाळायची होती.”

निकाल तासाभरात आला. मर्यादेच्या तिपटीहून जास्त. मग आम्ही जिन्याखाली गेलो. दोनशे तेरा बाटल्या. मी एकेक चिठ्ठी वाचत होते, ते वहीत उतरवत होते. चौथी गल्ली, घर क्रमांक सहा, माझं अक्षर. त्याच्या मागच्या रांगेत चौथी गल्ली, घर क्रमांक नऊ, सतरा सप्टेंबर. ताईच्या घरापासून तिसरं.

“ही आत्ता तपासा.”

नानांनी बाटली उजेडात धरली, तळाशी हिरवट थर होता. “बारा आठवडे झाले. यात आता काय होतं आणि काय नव्हतं, कोणी सांगू शकणार नाही. काहीही आकडा येईल आणि तो खोटा असेल.”

“पण त्या घरातलं...”

“माहीत आहे. ताजं पाणी तपासू. पण ते आजचं असेल.”

१० डिसेंबर, मंगळवार

कुलगुरूंना सगळं सांगितलं. अर्जही दाखवला. ते वाईट माणूस नाहीत, हे लिहिलंच पाहिजे. ऐकून खरोखर हादरले. नानांना तासाभरात परत पाठवलं, सोबत दोन माणसं दिली, चौथ्या गल्लीसाठी टँकर मागवला. बाळाच्या खर्चाचंही विचारलं.

मग मी म्हटलं, “शेवटच्या परिच्छेदातलं वाक्य काढायला हवं.”

“छापून झालंय, मॅडम. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.”

“आणि फळ्यावर लिहावं लागेल की तीन महिने तपासणी झालीच नाही.”

ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले. “खराब ठिकाणं जरूर लिहा. जशी सापडतील तशी, सगळी. पण तीन महिन्यांचं लिहू नका. शहर आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. तो एकदा गेला तर पंचवीस वर्षांत परत येणार नाही. सगळा आराखडा त्याच्यावर उभा आहे.”

हेच वाक्य, थोड्या फरकाने, मी सातव्या प्रकरणात पान चौदावर लिहिलं आहे.

११ डिसेंबर

प्रकाशन. मंडप भरलेला. आराखड्याचं वजन दीड किलो. पाहुण्यांनी भाषणात नेमकं ते वाक्य वाचून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. माझं नाव घेऊन मला उभं केलं. मी उभी राहिले.

बाळ आज दोनदा दूध प्यायलं.

१२ डिसेंबर

सकाळी आठला, कोणी यायच्या आत, फळ्यावर मी स्वतः लिहिलं: “१६ सप्टेंबर ते ९ डिसेंबर या काळात एकाही पाण्याची तपासणी झालेली नाही. फळा कोरा होता म्हणून पाणी चांगले होते असे समजू नये. लहान बाळांना बोअरचे, विहिरीचे पाणी देऊ नये.” खाली सही, पद, फोन. खडूने सही करायची सवय नाही, वेडीवाकडी आली.

साडेदहाला फाटकाकडे गेले तर ओला फडका मारलेला. नवीन तीन ठिकाणं सुवाच्य अक्षरात. कुलसचिवांची चिठ्ठी टेबलावर होती, दोन दिवसांत खुलासा द्यावा. तोपर्यंत मला सात फोन येऊन गेले होते. अडीच तासांत सात माणसं वाचून गेली. आणि दोनशे तेरा चिठ्ठ्यांवर पत्ते आहेत. नानांकडून वही घेतली. दुपारी रजा टाकली आणि पहिल्या गल्लीपासून सुरुवात केली. एक म्हातारबाबा म्हणाले, “फळ्यावर तर आमचं नाव नाही. तुम्ही कोण?” ओळखपत्र दाखवलं. ते म्हणाले, “विद्यापीठाचंच आहे की हे. मग दोघांतलं खरं कोणतं?”

हे संध्याकाळी सोबत आले. लाल पेनाने वहीत खुणा करत होते. टोमणा एकही मारला नाही, त्याचंच जास्त लागलं.

१४ डिसेंबर, शनिवार

बाळ घरी आलं. डॉक्टरीण म्हणाली, सांभाळून, पण धोका टळला. मी पिशवीत विकतच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले. सूनबाईने घेतल्या. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, म्हणून मीच आत गेले.

ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. “तुला शिव्या द्याव्यात म्हणून सहा दिवस शब्द जुळवतेय,” ती म्हणाली. “जुळत नाहीत.”

“दे. जशा येतील तशा दे.”

“शिव्या तुला देऊन मला कुठे सुटायचंय?” ती वळली. “तुझा फोन आला ना, निर्धोक म्हणून, त्या दिवशी मी बाहेर जाऊन सांगितलं सगळ्यांना. फुशारकी मारली. माझी बहीण मोठी अधिकारी आहे, तिने स्वतः तपासून घेतलंय. नऊ नंबरवाली, तिचंही बाळ पावडरीच्या दुधावर, माझ्याबरोबरच नळावर यायची. दोघी मिळून कळश्या आणायचो. मी तिला म्हटलं, अगं कशाला आता, एकच पाणी आहे गल्लीचं, तुझंही ठीकच असणार.”

“मग?” मी विचारलं.

“लगेच थांबली ती. ओली बाळंतीण, सुटली बिचारी असं वाटलं मला.”

बाहेर बाळ रडत होतं, चांगलं मोठ्याने.

“नानांनी तिच्या बोअरचं ताजं पाणी तपासलं,” मी म्हणाले. “आपल्यासारखंच आहे. पण बाळ त्यानेच गेलं असं कोणी सांगू शकणार नाही. डॉक्टर हृदय म्हणाले होते.”

“ते तू मला सांगतेस. तिला कोण सांगणार?”

“मी.”

“तू एकटी नाही. नळावर जाऊ नकोस हे मी सांगितलं होतं.” तिने डोळे पुसले. “ती काल रात्री माहेरहून आली. घर बंद होतं, तिला गल्लीतलं काही ठाऊक नसेल.”

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी नऊला ताई आणि मी तिच्याकडे गेलो. चोवीस-पंचवीसची पोर. अंगण झाडत होती. ताईला बघून तिने केरसुणी टाकली आणि पदराला हात पुसले. “या ना, काकू. भोंगा कशी आहे? रात्रभर आवाज नाही आला तिचा, म्हटलं झोपते की काय आता शहाण्यासारखी.”

ताई म्हणाली, “बरी आहे.” मग म्हणाली, “ही माझी बहीण.”

“विद्यापीठातल्या ना? माहितेय मला.” तिने आम्हाला बाजेवर बसवलं. कोपऱ्यात घडी करून ठेवलेली छोटी दुपटी होती. ती आत गेली, माठाचं झाकण वाजलं, आणि दोन पेले पाणी आमच्यासमोर ठेवून ती स्वतः खाली चटईवर बसली.

काय आधी सांगायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं. आधी फळ्याचं, मग नानांचं, मग माझ्या टिपणीचं, आणि शेवटी डॉक्टर काय म्हणाले ते. तोंड उघडलं तर त्यातलं काहीच येईना. ताई पदराचं टोक पिळत होती. पेले तसेच होते. दोघींनीही हात लावला नव्हता.

तिने एकदा पेल्यांकडे पाहिलं. मग ताईकडे. मग माझ्याकडे. आणि तिच्या चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू हळूहळू गेलं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

मी तारीख सांगितली.